फ्रीलान्सिंग सोडून नोकरी धरावी का? लिहिणाऱ्यांनी प्लीज सांगा

मंडळी, जरा मदत हवी आहे. बरीच वर्षं एकट्याने डिझाईनची कामं घेतोय आणि जोडीला कादंबरी लिहितोय. लोकांना वाटतं, याला काय, स्वतःचा मालक, हवं तेव्हा लिहायला बसेल. प्रत्यक्षात फाईल उघडली की क्लायंटचा मेसेज, लोगो थोडा मोठा करा, केला की आधीचाच बरा होता, आणि संध्याकाळी थकलेल्या बिलाचा तोच मेल पुन्हा, फक्त वर 'सविनय' वाढवून. पैसे कधी येणार हे डोक्यात घोळत असलं की पात्रं तोंडच उघडत नाहीत.

आता ठरलेल्या वेळेची एक नोकरी चालून आलीये. काम कंटाळवाणं आहे पण मला तेच हवंय. कंटेंट रायटिंगची नोकरी मुद्दाम टाळली, दिवसभर दुसऱ्यासाठी वाक्यं पाडली की रात्री स्वतःची सुचत नाहीत.

घोडं अडलंय ते करारावर. त्यात कलम आहे की नोकरीत असताना केलेलं लेखन, डिझाईन सगळं कंपनीच्या मालकीचं, बाहेरच्या कामाला लेखी परवानगी लागेल. मग कादंबरीचं काय? सही करायच्या आधी ती नावानिशी वगळून घेतलीये का कोणी? एचआरला विचारलं कसं? 'याचं लक्ष कामात नसणार' असं वाटायला नको ना त्यांना.

आणि नोकरीवाले लिहिता कधी, पहाटे की रात्री? जुने एकदोन क्लायंट ठेवावेत की सगळ्यांना रामराम? 'मनाचं ऐक' टाईप सल्ले नकोत, ते घरी भरपूर मिळतात.