स्पॅनिश दिग्दर्शक हेसूस फ्रँकोच्या सिनेमात मध्येच झोंबी कुठून उगवतात?

मधला_शो:
काल 'अ व्हर्जिन अमंग द लिव्हिंग डेड' पाहिला. मुलगी बापाच्या मृत्युपत्रासाठी वाड्यावर येते, नातेवाईक एकेक नमुने, सगळं संथ, स्वप्नात चालल्यासारखं. मी रमलो होतो. तेवढ्यात झोंबी मागे लागतात आणि पुढच्याच प्रसंगात कुणाला त्याचं काही नाही! वर सारखं ते झूम. या माणसाला लोक डोक्यावर का घेतात?

रीळवाला:
ते झोंबी फ्रँकोचे नाहीतच. सिनेमा १९७३चा. पुढे युरोपात झोंबींचा बाजार तेजीत आला, तेव्हा ज्याँ रोलँ या फ्रेंच दिग्दर्शकाकडून ते प्रसंग वेगळे चित्रित करून घेतले आणि जुन्या सिनेमाला ठिगळ लावलं. ठिगळ नसलेली प्रतही मिळते, ती बघ.

झूमचं म्हणशील तर मीही आधी हसायचो. पण रूळ टाकायचे, कॅमेरा हलवायचा, दिवे पुन्हा लावायचे यात वेळ जातो. झूमने एकाच जागेवरून लांबचं, जवळचं सगळं उरकतं. फोकस गेला तर गेला! बरं, येत नव्हतं म्हणावं तर १९६२चा 'द ऑफुल डॉक्टर ऑर्लोफ' बघ, कृष्णधवल, काय सावल्या आहेत! दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने आपल्या 'चाइम्स ॲट मिडनाइट'च्या दुसऱ्या युनिटचं, म्हणजे मुख्य चित्रीकरणाबाहेरचे प्रसंग टिपणाऱ्या तुकडीचं, काम याच्यावर सोपवलं होतं. धीरच नव्हता माणसाला. दीडशेच्या वर सिनेमे केले.

मुळात गडी जॅझवाला. क्लिफर्ड ब्राउन या ट्रम्पेटवादकाचं नाव टोपणनाव म्हणून लावायचा. ऑर्लोफ, मॉर्फो ही पात्रांची नावं सिनेमागणिक परत येतात, तीच धून पुन्हा वाजवल्यासारखी. सगळं झेपत नाही. तीनदा तर मी झोपलोय.

काळी_मांजर:
फ्रँकोची नटी सोलेदाद मिरांडा, तिचं नाव कसं नाही कुणी घेतलं? त्याचा 'व्हॅम्पिरॉस लेस्बॉस' बघा. १९७१ साली तो लागला, पण त्याआधीच, १९७०च्या ऑगस्टमध्ये, ती पोर्तुगालमध्ये मोटार अपघातात गेली. वय फक्त २७. त्यातलं सतारीचं संगीत ओळखीचं वाटलं तर नवल नाही, टॅरँटिनोने 'जॅकी ब्राउन'मध्ये उचललंय.

मधला_शो:
म्हणजे रोलँच्या पापासाठी मी कालपासून फ्रँकोला शिव्या घालतोय!

रीळवाला:
झूमसाठी घाल की. तेवढं त्याचं स्वतःचं आहे.