मदत हवी: अंबर सप्रेसर आला तरी जिवाणू मरत का नाही?

नमस्कार मंडळी,
मी एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीला आहे. आमच्याकडे ई. कोलायचा एक लॅक-निगेटिव्ह, म्हणजे लॅक्टोजवर न वाढणारा, स्ट्रेन आहे. त्याच्या लॅकझेड जनुकात (लॅक्टोज फोडणाऱ्या प्रथिनाचं जनुक) मध्येच यूएजी, म्हणजे प्रथिन तिथेच संपवणारा 'अंबर' स्टॉप कोडॉन, आलाय. फक्त लॅक्टोज असलेल्या मिनिमल प्लेटवर भरपूर पेशी पसरवल्या, तर दोन दिवसांनी पाच कॉलन्या दिसल्या. दोन ठसठशीत, तीन टाचणीच्या टोकाएवढ्या. "लहान त्या सप्रेसर असाव्यात," एवढं सांगून मॅडम दुसऱ्या टेबलाकडे गेल्या.

इथेच माझं घोडं अडलंय. सप्रेसर टी-आरएनए (कोडॉन वाचून अमिनो आम्ल आणणारा, पण बदललेला रेणू) यूएजीवर थांबण्याऐवजी अमिनो आम्ल घालतो, हे कळलं. पण मग तो बाकीच्या जनुकांच्या शेवटचे यूएजीही वाचत सुटणार ना? प्रथिनांना नको त्या शेपट्या फुटल्या तर पेशी जगेल कशी? आणि मूळ कोडॉनच दुरुस्त झाला की सप्रेसर आला, हे सिक्वेन्सिंगशिवाय ओळखता येईल का? (त्याला पैसे नाहीत.)

प्रतिसाद १
शंका रास्त आहे. यूएजीवर दोघांचा डोळा असतो: सप्रेसर टी-आरएनए आणि रिलीज फॅक्टर १ (स्टॉप कोडॉन ओळखून प्रथिन तिथेच संपवणारा घटक). कधी हा जिंकतो, कधी तो. त्यामुळे लॅकझेडचं पूर्ण प्रथिन थोडंच बनतं, कॉलनी किरटी राहते, आणि बाकीची जनुकं बऱ्याचदा जागच्या जागी थांबतात. शिवाय ई. कोलायच्या चार हजारांवर जनुकांत यूएजीवर संपणारी जेमतेम सव्वातीनशे. २०१३ मध्ये असे ३२१ यूएजी बदलून यूएए (दुसरा स्टॉप कोडॉन) केले, रिलीज फॅक्टर १ काढून टाकला, तरी जिवाणू जगला! बहुतेक जनुकं यूएएवर संपतात. म्हणून तो वाचणारे ऑकर सप्रेसर मुळातच दुबळे असतात. जोरकस निघाले तर पेशीच आजारी पडते.

अजून एक गोष्ट, जी वर्गात घाईत उरकतात. टी-आरएनए बदलला तर त्याचा जुना कोडॉन कोण वाचणार? सप-ई सप्रेसर ग्लुटामिनच्या ज्या टी-आरएनएपासून होतो, त्याची दोन सारखी जनुकं आहेत. एक बदललं तरी दुसरं सीएजी (ग्लुटामिनचा कोडॉन) वाचत राहतं. तुमच्या फ्रीजरमधल्या डीएच५अल्फा या नेहमीच्या लॅब स्ट्रेनमध्ये हाच सप्रेसर आहे, आणि तो मजेत वाढतो.

प्रतिसाद २
ओळखायला टी४ फाज (जिवाणूंना मारणारा विषाणू) वापरा. अत्यावश्यक जनुकात अंबर असलेला म्युटंट विभागात कुणाकडे तरी असेल. पाचही कॉलन्या शुद्ध करून त्यांच्या लॉनवर (प्लेटभर वाढलेल्या थरावर) तो टाका. प्लाक (पेशी मेल्याचे पारदर्शक ठिपके) आले तर सप्रेसर, कारण तोच फाजचा अंबर वाचू शकतो; फक्त लॅकझेडचा कोडॉन दुरुस्त झालेल्या पेशीचा फाजला काही उपयोग नाही. डीएच५अल्फावर प्लाक यायला हवेत, मूळ स्ट्रेनवर नाहीत. एकाच म्युटंटवर विसंबू नका. घातलेलं अमिनो आम्ल प्रत्येक प्रथिनाला चालतंच असं नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! शेजारच्या लॅबमध्ये दोन अंबर म्युटंट निघाले. कॉलन्या शुद्ध करायचं स्ट्रीकिंग आजच केलं. लॉनसाठी पेशी लॅक्टोजवरच वाढवू की साध्या एलबीत (नेहमीच्या पोषक माध्यमात) चालतील?

प्रतिसाद २
एलबी चालेल, पण आधी प्रत्येक कॉलनीचा ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून जपायचा नमुना) करून ठेवा.