मदत हवी आहे: गिटार अँपच्या लोड बॉक्समधला कपॅसिटर फुगलाय, बदली कोणता घालू?

मंडळी, माझ्याकडे 8 ओहमचा रिअ‍ॅक्टिव्ह लोड बॉक्स आहे (स्पीकरच्या जागी अँपला जोडायचा, स्पीकरसारखा वागणारा पण आवाज न करणारा डबा), सेकंडहँड घेतलेला. त्याला दोन ईएल34 पॉवर ट्यूबवाला 50 वॉटचा ट्यूब अँप जोडतो. रात्री स्पीकर लावला की खालच्या काकू सेक्रेटरींना घेऊनच वर येतात, त्यामुळे हा डबा म्हणजे गरज आहे.

हल्ली खालच्या सुरांचा भरणा गेलाय. पाम म्यूटला (तळहाताने तारा दाबून वाजवताना) 'धप्प' यायचं, आता नुसतं 'टप'. झाकण उघडलं तर 220 मायक्रोफॅरड, 50 व्होल्ट, बायपोलर (प्लस-मायनस नसलेल्या) कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, आवरण आक्रसलेलं. सोडवून मोजला तर 140 भरला. तो 10 मिलिहेन्रीच्या कॉइलला आणि 30 ओहमच्या रेझिस्टरला समांतर आहे आणि ही तिकडी 8 ओहमच्या मोठ्या रेझिस्टरशी सिरीजमध्ये. हिशेबाने रेझोनन्स (जिथे या तिकडीचा अडथळा सगळ्यात जास्त, ती फ्रिक्वेन्सी) 107 हर्ट्झला हवा, तो 135 वर सरकलाय.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारलं तर एकाने पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडवाला पुढे केला! माझ्या डोक्यात तीन पर्याय आहेत: 470 चे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक उलटसुलट जोडून 235, क्रॉसओव्हरचे (स्पीकरमध्ये खालचे-वरचे सूर वेगळे करणाऱ्या सर्किटचे) बायपोलर, नाहीतर एअर कंडिशनरचे 36 चे सहा रन कपॅसिटर (मोटर चालू असेपर्यंत जोडलेले राहणारे). काय करू?

प्रतिसाद
आधी अँप त्या डब्याला जोडणं बंद करा. कपॅसिटर पूर्ण निकामी होऊन आतून तुटला (ओपन झाला) तर वरच्या फ्रिक्वेन्सीला अँपला 8 ऐवजी 38 ओहमच्या घरात लोड दिसेल. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची वाट बघू नका.

आता निवड. सगळे मायक्रोफॅरड आणि व्होल्ट बघतात, इथे मारतो तो करंट. 50 वॉट म्हणजे 8 ओहममधून 2.5 अँपिअर आणि मधल्या-वरच्या सुरांचा जवळजवळ सगळा करंट कपॅसिटरमधूनच जातो. अँप पूर्ण पिळला तर साडेतीनपर्यंत. ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) 0.2 ओहम धरला तरी बोटाएवढ्या डबीत सव्वा ते अडीच वॉट उष्णता. फुगणारच.

एअर कंडिशनरचे रन कपॅसिटर उत्तम. पॉलिप्रॉपिलीनचे असतात, सतत उलटसुलट वाहणारा (एसी) करंट झेलायलाच बनवलेले. सहाचे 216 होतात. मोटर स्टार्टवाले मात्र घेऊ नका, ते काही सेकंदांपुरतेच असतात. उलटसुलट जोडी चाचणीपुरती ठीक, पण तिथेही रिपल करंटचा (कपॅसिटर सतत किती एसी करंट झेलू शकतो त्याचा) आकडा बघावाच लागेल.

धागाकर्ता
करंटचा विचारच केला नव्हता. पण एअर कंडिशनरचे जेमतेम दोन बसतील डब्यात.

प्रतिसाद
मग 22 मायक्रोफॅरडचे दहा बायपोलर समांतर जोडा. बरोबर 220 आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाव अँपिअर, पिळल्यावर फार तर 0.35. व्होल्टेज 100 घ्या. रेझोनन्सला इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) चढतो आणि त्याबरोबर व्होल्टेजही, तिथे 50 तोकडा पडतो. मोठ्या रेझिस्टरपासून लांब बसवा, त्याची धग फार असते. स्पीकर दुरुस्तीवाल्यांकडे 'क्रॉसओव्हरचा नॉन-पोलर' म्हणून मागा आणि सगळे मीटरवर मोजूनच घ्या. दहाची बेरीज 200 ते 240 मध्ये आली तरी रेझोनन्स पाच टक्क्यांपेक्षा जास्त हलत नाही.