मॅलम: हिरवळीखालचा चुनखडक

‘इंग्लंडची खेडी सगळी सारखीच, हिरवी कुरणं, मेंढ्या आणि एक चर्च’ असं बऱ्याच जणांना वाटतं. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्स या डोंगरदऱ्यांच्या भागातलं मॅलम हे गाव मात्र या साच्यात बसत नाही. कुरणं-मेंढ्या तिथेही आहेतच, दगडी गडगेही आहेत. पण गावापासून उत्तरेला थोडं चाललं की सुमारे ८० मीटर उंचीचा, आत वळलेला चुनखडकाचा कडा समोर येतो. हाच मॅलम कोव्ह. हिमयुगाच्या अखेरीस वितळलेल्या बर्फाचं पाणी यावरून कोसळायचं. आता ते वरच खडकात मुरतं, त्यामुळे कडा कोरडाच असतो. डिसेंबर २०१५च्या डेस्मंड वादळात तेवढा काही काळ पुन्हा धबधबा पडला होता.

खरी गंमत जमिनीखाली आहे. वरच्या मॅलम टार्न तळ्यातून निघालेला ओढा थोड्याच अंतरावर गडप होतो. कड्याच्या पायथ्याशी पाणी बाहेर येताना दिसतं, तेव्हा हाच तो ओढा असं कुणालाही वाटेल. पण पाण्यात रंग सोडून तपासलं, तेव्हा तळ्याचं पाणी मुख्यतः गावाच्या खालच्या अंगाला, एअर हेडच्या झऱ्यांतून वर येत असल्याचं कळलं. पायथ्याचं पाणी दुसरीकडूनच येतं!

माथ्यावरच्या खडकांतल्या खोल भेगांत नेचे वाढतात, कारण मेंढ्यांचं तोंड तिथवर पोचत नाही. कड्यात बहिरी ससाणे घरटी करतात, म्हणून वसंतात गेलात तर दुर्बीण न्या. पावसानंतर वरचा खडक भयंकर निसरडा होतो, तेव्हा साध्या चपला-सँडल नकोत.