जिआर्डियाचा कोर्स झाला, टेस्ट निगेटिव्ह आली, तरी पोराचं पोट बिघडलेलंच - मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नागपूरचे, मुलगा सात वर्षांचा. पावसाळ्यात त्याला जिआर्डिया (आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी) निघाला, डॉक्टरांनी मेट्रोनिडाझोल दिलं, कोर्स पूर्ण केला, नंतरची स्टूल टेस्ट निगेटिव्ह. पण पोट काही ठिकाणावर येऊन नाही राहिलं. दूध प्यायला की पोट फुगतं, गुडगुड, मग पातळ शी. दही-ताक मात्र पचतं. तर्री बंदच आहे, नुसते पोहे खातो बिचारा.

सासूबाई म्हणतात जंतच आहेत, शाळेत १० फेब्रुवारीला देतात ती अल्बेंडाझोल घरीच द्या. पण त्या एका गोळीने जिआर्डिया जात नाही ना! नवरा म्हणतो औषधानेच वाट लावली, आणि मला ते थोडं पटतं, कारण मेट्रोनिडाझोल ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या बॅक्टेरियांनाही मारतं आणि मोठ्या आतड्यात बहुतेक तेच असतात.

त्यावर वाचत बसले तर गोंधळ अजूनच वाढला. एका प्रयोगात एकाच जातीचे उंदीर दोन वेगळ्या ठिकाणांहून आणले तर काहींच्या पोटात जिआर्डिया टिकला, काहींच्या नाही, आणि ज्यांच्यात टिकत नव्हता त्यांना अँटिबायोटिक दिल्यावर त्यांच्यातही टिकला. म्हणजे राखण बॅक्टेरियाच करत होते. बरं, मग सगळे बॅक्टेरिया आपल्या बाजूचे म्हणावं तर तसंही नाही, उंदरांमधल्या व्हिपवर्मची (आतड्यातल्या एका जंताची) अंडी बॅक्टेरिया चिकटल्याशिवाय नीट फुटतच नाहीत, हे २०१० मध्ये मँचेस्टरच्या लोकांनी दाखवलंय. मग 'प्रोबायोटिकचं (म्हणजे चांगल्या बॅक्टेरियांचं) पाकीट द्या, सगळं ठीक होईल' यावर विश्वास कसा ठेवायचा?

डॉक्टर म्हणाले जिआर्डियामुळे छोट्या आतड्याचं अस्तर दुखावतं, दूध पचवणारं लॅक्टेज कमी पडतं, हळूहळू भरून येईल. तुमच्यापैकी कोणाच्या मुलाला असं झालं होतं का, दूध परत कधी सुरू केलं? प्रोबायोटिकने खरंच फरक पडला की नुसता खर्च? आणि जिआर्डिया रोजच्या शीमध्ये दिसतोच असं नाही, वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने तपासतात, आमचा एकच तपासला, तर परत करून घेऊ का आधी थोडं थांबू? पाणी उकळूनच देतोय, क्लोरीनला जिआर्डिया सहज दाद देत नाही म्हणून.

रामदासपेठ, धंतोली भागात लहान मुलांच्या पोटाचे चांगले डॉक्टर माहीत असतील तर व्यनि करा. काढे-चूर्ण कृपया सुचवू नका, ते सासूबाईंकडे भरपूर आहेत.