मुली ब्वांजी?
‘परदेशातल्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून राहून माणूस खरंच बदलतो, की नुसत्या गप्पा?’ असं कुणीतरी विचारलंय. माझ्यापुरतं सांगते. आफ्रिकेतल्या मलावी देशात एका खेड्यातल्या शाळेत ११ महिने होते. तिथे चिचेवा भाषेत ‘मुली ब्वांजी?’ म्हणजे ‘कसे आहात?’ हे विचारल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे उद्धटपणा. (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, कुणाच्या मुली?) हापशावरून बादली डोक्यावर आणायला शिकले, निम्मं पाणी पाठीवर.

आता इथे ठाण्यात घोडबंदर रोडला पाण्याचा टँकर चुकला की सोसायटीच्या ग्रुपवर बोंबाबोंब सुरू होते. मी दोन बादल्यांत आंघोळ-भांडी उरकून मोकळी. वॉचमनकाकांची विचारपूस केल्याशिवाय लिफ्टकडे पायच वळत नाहीत. मक्याच्या पिठाचा तिथला न्सिमा, आपल्या उकडीसारखाच, पण शेवटपर्यंत काही घशाखाली सुखाने उतरला नाही हो!