घाण्याचं तेल १८० रुपये लिटर? आधी पेंडीचा हिशोब दाखवा

तळणकाढी
परवा इथे एका गृहस्थांनी लिहिलं, "दुकानातलं रिफाइंड तेल आणणारी आई मुलांच्या ताटात विष वाढते. आमच्या माहितीतला माणूस लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल १८० रुपये लिटरने घरपोच देतो, डोळे झाकून घ्या." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

गेल्या महिन्यात मी १० किलो दाणे निवडून घाण्यावर नेले. पुढ्यात स्टूल टाकून बसले. घाणेवाला मधूनच पाण्याचा हबका मारत होता, पेंड कडेने वर चढत होती, तेल येत होतं ते गढूळ, फेसाळ. दोन दिवस पातेल्यात तसंच ठेवल्यावर तळाला गाळ बसला. वरचं ओतून घेतलं तर चार लिटर आणि वर एक वाटी. म्हणजे लिटरला २.४ किलो दाणे. आमच्याकडे बरे दाणे १२०च्या खाली मिळत नाहीत, झाले २८८. पेंड ४०च्या भावाने विकलीत तरी पन्नास-साठ परत येतील. मजुरी, बाटली, घरपोच यायचं पेट्रोल अजून धरलेलंच नाही. मग १८०ला देणारा एकतर अन्नछत्र चालवतो, नाहीतर बाटलीत दुसरंच काहीतरी आहे.

आणखी एक. दाण्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते घाण्याच्या तेलात उतरतं. रिफाइंड करताना ते बरंचसं निघून जातं. म्हणून दाणे कोणी निवडले, कसे साठवले, हे विचारायचं. फोडणीला मीही घाण्याचंच वापरते. माझं भांडण त्या 'डोळे झाकून'शी आहे.

मातीचा माणूस
तो गृहस्थ मीच. नाव घ्यायला जड गेलं का? आमच्या आजोळी बैलाचा घाणा होता. आजी ९१ वर्षं जगली, एक गोळी घेतली नाही. तुमच्या अफ्लाटॉक्सिनचं नावही तिने ऐकलं नव्हतं.

तळणकाढी
आजी विहिरीचं पाणी शेंदत होती आणि दळण हाताने दळत होती, तेही लिहा की. सगळं श्रेय तेलालाच कशाला?

मातीचा माणूस
तेल फ्रिजमध्ये ठेवून बघितलंय मी. गोठलं. शुद्ध शेंगदाणा असल्याशिवाय गोठत नाही.

खलबत्ता
साहेब, पामतेल त्याच्याही आधी गोठतं. फार तर सोयाबीन नाही एवढं कळलं. त्यापेक्षा बाटलीवर १४ आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे सरकारी अन्न परवान्याचा नंबर, आहे का ते बघा. खाद्यतेल सुटं विकायलाच बंदी आहे. दिल्लीत १९९८ साली मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचं तेल निघालं आणि माणसं मेली, तेही लोक ओळखीच्याच दुकानातून आणत होते.

भाताचा गोळा
तेल तेल काय करताय! मला आधी सांगा, खरा आंबेमोहर शेवटचा कधी खाल्लात? लहानपणी भाताला वाफ आली की ओटीवर वास यायचा. आता पिशवीवर आंब्याचं चित्र आणि आत नुसता बारका तांदूळ. गेल्या आठवड्यात दुकानदाराकडे आंबेमोहर मागितला, तर तो अगदी शांतपणे विचारतो, "कुठला देऊ, आंध्रचा का एमपीचा?"

खलबत्ता
निदान खरं तरी बोलला. त्याला सोडू नका.

ओवळेकर पाव्हणा
मी मावळातला, घरची भातशेती. आंबेमोहर कमी का झाला ते शहरात बसून विचारताय म्हणून सांगतो. उंच वाढतो, ओंबी भरली आणि परतीचा पाऊस आला की आडवा पडतो. उतारा कमी. इंद्रायणी आमच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्राची, १९८७ची. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ या भाताच्या दोन जातींचा संकर. वास आहे, उतारा आहे. मग कोण आंबेमोहर लावणार? तुमचं लहानपण सांभाळायला आम्ही शेती करत नाही.

भाताचा गोळा
इंद्रायणी म्हणजे खळ! पोस्टर चिकटवायला वापरा.

ओवळेकर पाव्हणा
नवा तांदूळ आणून दुप्पट पाणी ओतलं की खळच होणार. वर्षभर जुना करा, पाणी कमी घाला, मग बोला. तुमच्या आईने कधी असला भात केला नसता.

भाताचा गोळा
आईवर जायचं कारण नाही.

पंचगंगाकाठ
तुम्ही दोघं भांडत बसा, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ कोणी शिजवलाय का? २०१६ साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालाय.

खलबत्ता
मावळच्या आंबेमोहरालाही त्याच वर्षी मिळाला. शिक्क्याने दुकानातली पोती बदलली का?

पंचगंगाकाठ
पोती नाही बदलली. म्हणून तर मी पोत्यातला घेतच नाही. मामाच्या गावाहून येतो.

तळणकाढी
सगळ्यांना मामा आहे. माझा मामा ठाण्यात राहतो, तो माझ्याकडून तेल मागतो. ज्याला गाव नाही त्याने काय खायचं? माझं उत्तर सोपं आहे: एकच दुकान धरा, थोडं आणा, खवट निघालं तर दुसऱ्या दिवशी परत द्या. जो कुरकुर न करता परत घेतो तो आपला. आमच्या वाण्याने एकदा अर्धी वापरलेली तूरडाळ परत घेतली, तेव्हापासून त्याच्याकडे भाव विचारत नाही.

खलबत्ता
म्हणजे तुम्हीही डोळे झाकूनच की.

तळणकाढी
हो, पण बारा वर्षं उघडे ठेवून झाल्यावर. बरं, तुमचं म्हणणं अर्धं मान्य.

मातीचा माणूस
काल फोन करून त्या माणसाला लायसन नंबर आणि बिल मागितलं. म्हणाला, "दादा, आपल्यात बिल कशाला?" त्यानंतर फोन उचलत नाही. पण तेल चवीला चांगलंच आहे, हे मी आजही म्हणतो. आणि "विष" हा शब्द मागे घेतो. आईंसाठी. रिफाइंडसाठी नाही.

तळणकाढी
आईंच्या वतीने पोच.

भाताचा गोळा
पाव्हणं, दिवाळीनंतर तुमच्याकडे आलो तर तांदूळ द्याल का?

ओवळेकर पाव्हणा
२० किलोच्या खाली नाही, घरपोच नाही, उधार नाही. इंद्रायणी मिळेल. आंबेमोहर एका खाचरात लावलाय, तो घरच्यापुरता.